चार पायांचा झेंडा

"राष्ट्राचा झेंडा कधी झुकत नसतो, कधी मळत नसतो, आणि कुणाच्या बापाच्या हुकमाने खाली बसत नसतो!" येप आउत्सेन छाती फुगवून गरजला, आणि त्याच क्षणी त्याचा झेंडा एक मोठा हुंकार देऊन चिखलात आडवा झाला.

अंगणात जमलेल्या साठ-सत्तर माणसांच्या माना कुंपणाकडे वळल्या. झेंड्याने या कुशीवरून त्या कुशीवर होऊन पाहिलं, चिखल मनासारखा लागल्यावर डोळे मिटले आणि शेपटीची गाठ सोडून पुन्हा मारली.

"टाळ्या, टाळ्या," पुढच्या बाकावरून निवृत्त शाळामास्तर लाउरिट्स स्काउ हळूच म्हणाले. ते डॅनिश समितीचे चिटणीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झेंड्याला शेपटी कशी, हा प्रश्न व्हेस्टरबेकमध्ये कुणाला पडत नसे. अठराशे चौसष्ट सालच्या लढाईत डेन्मार्क हरलं आणि हे गाव, एक वीटही जागची न हलता, प्रशियात गेलं. सरहद्द तेवढी उत्तरेला सरकली. गावातल्या निम्म्यांनी ठरवलं की आपण अजून डॅनिशच. उरलेल्या निम्म्यांनी ठरवलं की आता झालो जर्मन, तर झालो. मग पस्तीस वर्षं दोन्ही पक्ष कडकडून भांडत आले, तेही एकाच गावठी डॅनिश बोलीत, कारण भांडण रंगावं इतकी दुसरी कुठली भाषा कुणाला येतच नव्हती. 'जर्मनी चिरायू होवो' ही आरोळीसुद्धा जर्मन पक्ष अशा उच्चारात ठोकायचा, की खऱ्या जर्मन माणसाला ती धमकी वाटावी.

लाल कापडावर पांढरा क्रूस, हा डॅनिश झेंडा लावायला सरकारची बंदी होती. लोकांनी मग भिंती लाल आणि खिडक्या पांढऱ्या रंगवल्या. रंगावर बंदी आली. बायकांनी लाल घागऱ्यावर पांढरं एप्रन बांधलं. फौजदार येऊन एप्रनची लांबी लिहून घेऊन गेला. कुणी लाल-पांढरी ट्यूलिप लावली, तर ती कोणत्या हेतूने उगवली याचा खुलासा मागवण्यात आला.

येप आउत्सेनने या सगळ्यावर मात केली ती धीराने. लाल डुकरं कुठून कुठून आणली, पांढऱ्या पट्ट्याची कुठून कुठून, आणि अकरा वर्षं जोड्या जुळवत बसला. या नादात स्वतःची जोडी जुळवायची राहूनच गेली. अकराव्या वर्षी डागमार जन्मली. भाजलेल्या विटेसारखी लाल डुकरीण, आणि खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत उतरलेला दुधासारखा पट्टा. क्रूसाचा उभा दांडा झाला होता. आडवा यायचा बाकी होता. तो पुढच्या वेतात येईल, अशी येपची खात्री होती. "राष्ट्र एका वेतात घडत नाही," असं तो म्हणायचा, आणि ऐकणारे मान हलवायचे.

डागमारचं कुंपण हमरस्त्याला लागून, मुद्दाम उंचवट्यावर होतं. रविवारी चर्चमधून परतताना डॅनिश पक्षाची माणसं तिथे थांबून टोपी काढत. जर्मन पक्षाची माणसं दुसरीकडे तोंड फिरवून चालत, आणि त्यापायी एकजण दोनदा गटारात पडला होता.

ते राहू दे. सभा पाच जूनची होती, डेन्मार्कच्या राज्यघटनेचा दिवस. सभा म्हटली की सभागृहात असो वा अंगणात, दारू नसायची, कारण डॅनिश पक्षाला दारूचा परवाना सरकार देत नसे. त्यामुळे आमच्याकडचं देशप्रेम सगळं कॉफीवर चालायचं. कॉफीबरोबर केक-बिस्किटांचे सात मऊ आणि सात कडक, असे चौदा प्रकार टेबलावर लागत. तेरा निघाले तर त्या घरात जर्मन वारं शिरलं, असं बोललं जाई. येपच्या घरी तेरा कधीच निघाले नाहीत, आणि त्यात येपचा काडीचा वाटा नव्हता. ते सगळं बोतिलाचं.

बोतिला सोळा वर्षांची असताना आउत्सेनांच्या घरी कामाला आली, तेव्हा येप तेरा वर्षांचा होता. तिचं माहेरगाव उत्तरेला दोन कोसांवर. ती आली तेव्हा दोन्हीकडे एकच राजा होता. सरहद्द नंतर तिच्या मागून आली आणि तिच्या व तिच्या माहेराच्या मध्ये बसली. बेचाळीस वर्षं ती याच घरात भाकरी भाजत होती, गाई पिळत होती, हिशेबी नजरेने पावसाकडे बघत होती, आणि सरकारी कागदावर मात्र होती परदेशी. चार माणसांत ती येपला 'मालक' म्हणे. स्वयंपाकघरात 'येप' आणि 'अरे'. ज्याचं नाक आपण पुसलं, त्याला घरात अहो-जाहो करायला जीभ वळत नाही, असं तिचं म्हणणं.

सभेच्या कोपऱ्यात कायद्याप्रमाणे एक खुर्ची असे आणि तिच्यावर फौजदार लिपिन्स्की असे. प्रत्येक सभेत काय बोललं जातं ते लिहून वर पाठवायचं, हे त्याचं काम. तो होता प्रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाचा. त्याच्या आजीला जर्मन येत नव्हतं, आणि त्याला डॅनिश येत नव्हतं. तरी सहा वर्षांत एकही सभा त्याने चुकवली नव्हती, आणि बशी तर नाहीच नाही.

त्या दिवशी मात्र चौदावा प्रकार संपवल्यावर त्याने मिशीतला चुरा झटकला, खिशातून एक कागद काढला आणि तो येपसमोर येऊन उभा राहिला.

"आउत्सेन, नोटीस आहे."

"कशाबद्दल?"

"डुकरीणबाईंबद्दल." लिपिन्स्की जरा ओशाळला. "तक्रार आलीय. डुक्कर हा झेंडा आहे, असं तक्रारदाराचं म्हणणं. चौदा तारखेला सकाळी दहाला जिल्हा कचेरीचे साहेब तपासणीला येणार."

"तक्रारदार कोण?"

"ते गुप्त आहे," लिपिन्स्की म्हणाला आणि त्याने कुंपणापलीकडे पाहिलं. पलीकडे क्रेस्टेन थाइसेन आपल्या दारात पाइप ओढत उभा होता आणि हात हलवत होता.

थाइसेन हा येपचा शेजारी आणि जर्मन माजी सैनिक संघाचा अध्यक्ष. सत्तर साली फ्रान्सच्या मोहिमेवर तो नऊ महिने होता, पैकी आठ भटारखान्यात. त्याच्याकडे मार्शल नावाचा एक दांडगा नर डुक्कर होता. काळाकुळकुळीत, त्यावर पांढरा पट्टा. काळा-पांढरा म्हणजे प्रशियाचा झेंडा, असं येप म्हणे. थाइसेन म्हणे, छे, त्याची जातच तशी, त्यात कसलं आलंय राजकारण!

"बरं, तपासू देत," येप म्हणाला. "मला दंड करतील. करू देत. तुरुंगात टाकतील. टाकू देत!"

"तुम्हाला काही नाही करणार," लिपिन्स्की म्हणाला. "नवीन पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मालकाला हात लावायचा नाही. डुक्कर झेंडा ठरलं, तर घरातलं परदेशी माणूस अठ्ठेचाळीस तासांत सरहद्दीपलीकडे." मग तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे बोतिलाबाई."

येपने मागे वळून पाहिलं. बोतिला रिकाम्या बशा एकावर एक रचत होती. तिने ऐकलं होतं. बशी वाजली नाही, एवढ्यावरून येपला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. स्काउमास्तर उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बंधूंनो, परीक्षेची घडी आलेली आहे. झेंडा उतरवायचा, का बलिदान द्यायचं? मी म्हणतो, बलिदान!"

"बलिदान!" सगळे म्हणाले.

"कुणाचं?" येपने विचारलं.

"तुमच्या बोतिलाचं," मास्तर म्हणाले. "तिच्या त्यागाबद्दल आभाराचा ठराव मी आणलेलाच आहे. शेवटच्या ओळीला यमकही जुळलंय."

ठराव एकमताने मंजूर झाला. तिला विचारायचं मात्र राहिलं. ते काम नेहमीप्रमाणे येपकडे आलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ठराव वाचू लागला. बोतिला कणीक तिंबत होती.

"झालं वाचून?"

"अजून यमक यायचंय."

"ते राहू दे. मला एक सांग, मी गेल्यावर चोवीस तारखेची सभा आहे, त्याचे चौदा प्रकार कोण करणार? मास्तर?"

येपने ठरावाची घडी घातली.

"आणि पलीकडे माझं आहे कोण आता?" ती कणकेकडे बघत म्हणाली. "भाऊ वारला. भावजय मला ओळखायची नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कुणाच्या दारात उभी राहू, सांग. देश माझाच आहे म्हणतात तो. पण देशात गेल्यावर झोपायचं कुठे, ते ठरावात लिहिलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, येप विटांची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र कालवून कुंपणात शिरला आणि त्याने डागमारचा पांढरा पट्टा लाल रंगवून टाकला. अकरा वर्षांचं काम होतं ते. डागमारला गुदगुल्या झाल्या की काय कोण जाणे, ती उठली आणि कुंपणाच्या चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या खांबाला अंग घासत सुटली. उजाडल्यावर पाहतात तो डुकरीण होती तशीच लाल-पांढरी, आणि खांबही लाल-पांढरा. एका झेंड्याचे दोन झाले. रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी खांबालासुद्धा टोपी काढली.

विकावी, तर घेणार कोण? तपासणी लागलेला झेंडा विकत घ्यायला डॅनिश पक्षात कुणी पुढे येईना, आणि जर्मन पक्षाला विकणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. कापावी, तर ती गाभण. एकीकडे आड, एकीकडे विहीर, आणि मधे ही बया शेपटी हलवत उभी.

शिवाय हे वेत साधंसुधं नव्हतं. आडव्या दांड्याचं वेत होतं ते. फेब्रुवारीत डागमार माजावर आली, तेव्हा येपने बोतिलाला तिला घेऊन पाठवलं होतं ते चार कोसांवर, मॅड्स नावाच्या एका कट्टर डॅनिश शेतकऱ्याकडे. त्याचा नर लाल होता आणि त्याच्या पाठीवर लांबलचक पांढरी रेघ होती. येपला स्वतःला जायचं होतं, पण त्या दिवशी 'राष्ट्र आणि त्याग' यावर त्याचं भाषण होतं.

चौदा जूनला सकाळी दहाला सगळं गाव येपच्या अंगणात जमलं. डाव्या हाताला डॅनिश पक्ष, काळ्या कोटात. उजव्या हाताला माजी सैनिक संघ, पदकं लावून. मधे एका डोळ्याला काच लावलेले, जिल्हा कचेरीचे तरुण साहेब. बूट इतके चकचकीत, की त्यात येपची गाई बांधायची जागासुद्धा देखणी दिसत होती.

"संशयित कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"आत आहे, साहेब," लिपिन्स्की म्हणाला. "बाळंत होतेय."

साहेबांनी डोळ्यावरची काच काढली, पुसली आणि परत लावली. "बाळंत?"

"पहाटेपासून. बोतिलाबाई आत आहेत तिच्यापाशी."

"असू दे. आधी साक्षी घेऊ. फौजदार, दर सभेत हा माणूस या जनावराला जाहीरपणे झेंडा म्हणतो, असं तक्रारीत आहे. पाच तारखेच्या सभेची तुमची नोंद वाचा."

लिपिन्स्कीने वही उघडली. घसा साफ केला. "पाच जून. दुपारी दोन वाजता सभा सुरू. लिंबाचा केक. नंतर राय नावाच्या धान्याच्या पावाचा, थरांचा, मधे मुरांबा, वर साय. त्यानंतर वेलदोड्याचं गोल बिस्किट, कडक. आउत्सेन भाषणाला उभे. भाषणाची लांबी तीन कप. आशय: मोठ्या आवाजात. त्यानंतर बदामाचा…"

"पुरे! भाषणात काय होतं?"

"साहेब, भाषण डॅनिशमध्ये होतं. केक कुठल्याही भाषेत कळतात."

माजी सैनिकांच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि थाइसेनने त्याच्या पायावर पाय दिला.

साहेब येपकडे वळले. "मग मी तुम्हालाच विचारतो, आउत्सेन. सगळ्या गावासमोर. नोंद होईल. तुमचं हे जनावर झेंडा आहे, की डुक्कर?"

डाव्या हाताला स्काउमास्तर छातीवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचे ओठ आधीच 'झेंडा' म्हणत होते. येपने रात्रभर या प्रसंगाचं भाषण पाठ केलं होतं. त्यात सिंह होता, समुद्र होता, पूर्वजांची हाडं होती. त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून बोतिलाचा आवाज आला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. डागमारशी बोलत होती. "हं, बाई, थोडंच राहिलंय. मी आहे हो इथे, कुठे जात नाही."

येपने तोंड मिटलं. परत उघडलं.

"डुक्कर," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"डुक्कर आहे, साहेब! साधं डुक्कर!"

डाव्या हाताला असा सुस्कारा उठला, की चौसष्ट सालची लढाई पुन्हा हरली आहे असं वाटावं. मास्तरांनी छातीवरचा हात काढून खिशात घातला. येपची मान खाली गेली. पण साहेबांचं समाधान झालं नव्हतं.

"घाबरलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत नाही. मी स्वतः पाहणार. जनावर दाखवा."

"या," आतून बोतिला म्हणाली, "पण बूट बाहेर काढा. पेंढा नवा आहे."

साहेबांनी बूट काढले नाहीत, पण चवड्यांवर चालत गेले. मागून येप, लिपिन्स्की, थाइसेन आणि दारात मावेल तेवढं गाव. डागमार कुशीवर पडली होती आणि तिच्या पोटाशी अकरा पिल्लांचा ढीग होता. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून दूध ओढत होती. सगळ्यात वर चार होती, ती काळी. मधे तीन, ती पांढरी. आणि सगळ्यात खाली, उबेला, चार लाल.

वर काळा, मधे पांढरा, खाली लाल. दारातल्या प्रत्येकाला तो झेंडा तोंडपाठ होता. दर वर्षी बादशहाच्या वाढदिवसाला तो शाळेवर लागायचा.

"साम्राज्याचे रंग!" थाइसेन ओरडला आणि सावधान उभा राहिला. त्याच्यामागे माजी सैनिकांनी पटापट टोप्या काढल्या. "साहेब, हे जर्मन साम्राज्याचे रंग आहेत!"

"कसले रंग? डुकरं आहेत ती!" स्काउमास्तर मागून किंचाळले. "साधी डुकरं!"

येपला मात्र बाकी काही ऐकू येत नव्हतं. "काळी?" तो म्हणाला. "बोतिला, काळी कुठून आली? मॅड्सच्या नरात काळा केससुद्धा नाही."

"मॅड्सकडे गेलं होतं कोण?" पिल्लू पेंढ्याने पुसत बोतिला म्हणाली. "फेब्रुवारीचा चिखल, चार कोस जायचं, चार कोस यायचं, आणि दोरीला माजावर आलेली डुकरीण. तुम्ही सभेत त्याग करत होतात, मालक. मी शेजारच्या फाटकातून गेले. थाइसेनबाईंनी मार्शलला सोडलं. दहा मिनिटांचं काम."

"माझ्या मार्शलला?" थाइसेनची सावधान सुटली. "मला न विचारता? डॅनिश डुकरिणीवर?"

"तुम्ही कवायतीला गेला होतात," बोतिला म्हणाली.

येप पेंढ्याच्या गठ्ठ्यावर मट्कन बसला. अकरा वर्षं त्याने आडव्या दांड्याची वाट पाहिली होती, आणि शेवटी घरात जन्माला घातलं होतं जर्मन साम्राज्य, तेही अकरा नगांत.

साहेब विचारात पडले होते. तेवढ्यात लिपिन्स्कीने वही सरसावली, पेन्सिल जिभेला लावली आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, नोंद कशी करू? तक्रारीप्रमाणे आई डॅनिश झेंडा ठरली, तर पिल्लं साम्राज्याचा झेंडा ठरतात. मग असं लिहू का, की साम्राज्याचा झेंडा डॅनिश झेंड्याचं दूध पितोय?"

साहेबांची काच डोळ्यावरून निसटली आणि दोरीला लोंबकळू लागली.

"असं काही लिहू नका!"

"नाही लिहीत. पण पुढचा प्रश्न असा, की साम्राज्याचा झेंडा आत्ता पेंढ्यात लोळतोय, त्याला जबाबदार कोण? आणि नाताळात आउत्सेन यातली निम्मी कापणार. झेंड्याची विटंबना म्हणून तेव्हा मी पुन्हा यायचं, की कापताना हजर राहायचं? कायद्यात काही सापडत नाही. बर्लिनला लिहून विचारू का?"

"बर्लिनला?" साहेब दचकले. त्यांना पुढच्या वर्षी बढती हवी होती. बर्लिनच्या टेबलावर आपल्या नावाखाली हे वाक्य पडलेलं त्यांना दिसलं असावं.

"पण साहेब, रंग तर बघा!" थाइसेन अजून ऐकेना.

साहेब गर्रकन त्याच्याकडे वळले. "थाइसेन, तुमच्या नराचे रंग कोणते?"

"काळा-पांढरा. प्रशियाचे!" थाइसेन अभिमानाने म्हणाला.

"त्याला भाऊ होते?"

"होते की. सहा."

"कुठे आहेत?"

थाइसेनने तोंड उघडलं. त्याला आपल्या धुराड्यात टांगलेल्या तंगड्या आठवल्या असाव्यात. संघाच्या सगळ्या सभासदांना त्या आठवल्या, कारण गेल्या नाताळात त्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या.

"ती… ती डुकरं होती, साहेब," थाइसेन म्हणाला.

"लिहा," साहेब लिपिन्स्कीला म्हणाले. "डुक्कर."

"किती, साहेब?"

"बारा! बाराही डुकरं. आणि तक्रार निकाली." एवढं बोलून ते बाहेर पडले. घाईत त्यांचा एक चकचकीत बूट नको तिथे पडला, पण नोंद करायला कुणी पेन्सिल उचलली नाही.

अंगण हळूहळू रिकामं झालं. डॅनिश पक्ष येपकडे न बघता गेला. मास्तर तेवढे थांबले आणि म्हणाले, "आभाराच्या ठरावाचं काय करायचं? मंजूर झालेला आहे." बोतिला म्हणाली, "द्या इकडे, चूल पेटवायला होईल." मास्तरांनी तो दिला नाही. जर्मन पक्षही थाइसेनकडे न बघता गेला. लिपिन्स्की सगळ्यांत शेवटी, बशी पुसून गेला.

येप तिथेच बसून होता. पेंढा, ऊब, दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज.

"अकरा वर्षं, बोतिला," तो म्हणाला.

"हं."

"मी सगळ्या गावासमोर डुक्कर म्हणालो."

"ऐकलं मी." तिने आणखी एक पिल्लू पुसलं. "मोठ्याने म्हणालास, ते बरं केलंस. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं."

येपला आणखी काही बोलायचं होतं, पण दारात सावली पडली. थाइसेन होता. हातात टोपी, छातीवर पदकं अजून तशीच.

"आमची ही म्हणते, ठरल्याप्रमाणे मार्शलच्या फळवणीच्या बदल्यात एक पिल्लू आपलं आहे. निवडून."

"ने," येप कडवटपणे म्हणाला. "काळं ने. तुझ्याच रक्ताचं आहे ते."

थाइसेन खाली वाकला. बराच वेळ पिल्लांवरून त्याची नजर फिरत राहिली. पहिल्या काळ्याला त्याने उचललं, तोललं, खाली ठेवलं. मग पांढरं. मग ढिगाच्या अगदी तळात हात घालून त्याने एक पिल्लू बाहेर काढलं. गुबगुबीत, लालभडक, आणि खांद्यावर पांढरा शुभ्र पट्टा. डागमारच्या तोंडातून पडल्यासारखं.

"हे न्यावं म्हणतो," थाइसेन दुसरीकडे बघत म्हणाला. "सगळ्यात जास्त पितंय. मांस चांगलं धरेल."

येप आउत्सेन ताडकन उठला. त्याचे डोळे चमकू लागले, छाती फुगली, उजवा हात आपोआप वर गेला. "क्रेस्टेन थाइसेन!" तो गरजला. "आज तुझ्या हातात नुसतं पिल्लू नाही! आज तुझ्या हातात एका राष्ट्राचा…"

"येप," बोतिला म्हणाली, "हात वर केलाच आहेस, तर ती खुंटीवरची बादली काढून दे जरा."